चाबी फिरवायला दुसरा माणूस

पोलीस स्टेशन कन्हान, जि. नागपूर
दि. १८ जानेवारी २०२५, वेळ दुपारी २.४० वा.

मी, रुपराव महादेव लांजेवार, वय ६१ वर्षे, धंदा मोटार इलेक्ट्रिशियन, राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर. आज पोलिसांसमोर बसून, विचारल्यावरून, माझ्या तोंडाने सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी पत्नी सुभद्रा हिच्यासह राहतो. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांसमोर माझे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान असून ते मी चौतीस वर्षांपासून चालवतो. म्युझिक सेट, हॉर्न, फॉग लाइट, मागचा कॅमेरा असे वरचे सामान बसवून देतो. माझ्या हातचे काम बिघडून परत येत नाही. हे जबाबात घ्यायची गरज नाही असे साहेब म्हणाले, परंतु त्याशिवाय पुढचे समजणार नाही म्हणून मी घ्यावयास लावले.

वरचे सामान बसवताना चाबी चालू असेल तेव्हाच त्याला करंट मिळाला पाहिजे आणि चाबी काढली की तुटला पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. म्युझिक सेटला करंटच्या दोन वायरी असतात. पिवळी बॅटरीवर द्यायची आणि लाल चाबीवर. कामचुकार मिस्त्री दोन्ही एकत्र पिळून बॅटरीवर देतात. सेट वाजतो, गिऱ्हाईक खुश होते. पण चाबी काढल्यावरही सेट आतून करंट खात राहतो व गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. अशा मिस्त्र्यांना मी आजवर शिव्याच घातल्या आहेत.

माझी एकुलती एक मुलगी वैभवी, वय ३१, कन्हान येथे खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नोकरी लागली तेव्हा मी तिला जुनी पांढरी कार घेऊन दिली. दोन वर्षांपूर्वी तिने मला सांगितले की ती तिच्यासोबत काम करणारे विक्रम यांच्याशी कोर्टात लग्न करणार आहे. मुलगा आमच्यातला नव्हता. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याच आठवड्यात तिने गाडी नवीन सेट बसवायला दुकानात ठेवली होती. मी लाल आणि पिवळी एकत्र पिळली व बॅटरीवर दिली. चुकून नाही, जाणूनबुजून दिली. गाडी बंद पडली की पोरगी बापाला फोन करेल, एवढाच माझा हिशेब होता.

लग्नाला सुभद्रा एकटी गेली. मी दुकान उघडे ठेवून एका ट्रकचा हॉर्न दुरुस्त करत बसलो. तो हॉर्न आधीपासून चांगलाच वाजत होता.

त्यानंतर वैभवीचे मला तीन फोन आले. प्रत्येक वेळी ती एवढेच म्हणाली, "बाबा, गाडी चालू नाही होऊन राहिली." प्रत्येक वेळी मी हातातले काम टाकून भरलेली बॅटरी व तिच्यावरून बंद गाडीला करंट द्यायची केबल घेऊन वाडीहून कन्हानला आलो. गाडी चालू करून दिली. तिने बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच चहा आणून दिला, तो मी बोनेटवर कप ठेवून प्यालो. तिचे पाय सुजलेले मला दिसले, नातवंड होणार हे मला सुभद्राने सांगितले होते, तरी मी बॅटरीचेच बोलत राहिलो. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "वरती चला ना बाबा, विक्रम घरीच आहे." मी दुकानात गिऱ्हाईक थांबले आहे असे सांगितले. दुकानात कोणी नव्हते. त्यानंतर तिचा फोन आला नाही. तिने स्वतःची केबल विकत घेतल्याचे सुभद्राकडून कळले. या गोष्टीला सोळा महिने झाले. नात गार्गी चौदा महिन्यांची आहे. तिला मी फोटोत पाहिले आहे. तिला मांडीवर घ्यायची मला फार इच्छा आहे, ती मी घरातही बोलून दाखवलेली नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी गार्गीला अंगात ताप भरला व गाडी चालू झाली नाही. पार्किंगमध्ये दुसरी गाडी नव्हती, केबल असून उपयोग झाला नाही. ऑटो मिळेपर्यंत अर्धा तास गेला. पोरगी आता बरी आहे. सुभद्राने मला हे पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता सांगितले. लाल-पिवळीचे तिला माहीत नाही. त्या दिवशी माझ्याने जेवण झाले नाही. ती गाठ सोडवायची असे मी ठरवले. सोडवली की मला फोन करायचे काही कारण उरणार नाही हेही मला कळत होते.

आज शनिवारी सकाळी ११.३० चे सुमारास मी मोटारसायकलने वैभवीच्या बिल्डिंगमध्ये आलो. ती शनिवारी दवाखान्याच्या बसने ड्युटीला जाते हे मला ठाऊक होते. गाडीची दुसरी चाबी आमच्या घरी खिळ्याला असते, तिने मी गाडी उघडली. काच, लॉक काही फोडलेले नाही. सेट बाहेर काढला तेव्हा माझ्या गाठीवर निळी टेप गुंडाळलेली दिसली. मी काळीच टेप वापरतो. म्हणजे मधे कोणीतरी गाठ उघडून पाहिली व जशीच्या तशी बांधून ठेवली होती. याचा अर्थ मला लागला नाही.

गाठ सोडवून लाल वायरीसाठी चाबीवरचा करंट शोधू लागलो. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने खाली डोके घालून, करंट आला की पेटणारा टेस्ट लॅम्प वायरीला लावायचा, दुसऱ्याने चाबी फिरवायची. वैभवी शाळेत असताना सुट्टीभर दुकानात चाबी फिरवायचे काम तिचेच होते. मी खालून "चालू कर वं" म्हणायचो, ती फिरवून "झालं" म्हणायची. आज एकट्याला दर वेळी बाहेर येऊन चाबी फिरवून परत आत शिरावे लागत होते. दहा मिनिटांचे काम पाऊण तास झाला तरी संपले नव्हते. तेवढ्यात चौकीदार मधुकरराव आले. मी मिस्त्री असल्याचे सांगितले. त्यांनी विचारले, "कोणं बोलावलं तुम्हाले?"

बाप आहे असे सांगता आले असते. पण वैभवीने ओळख दिली नाही तर काय, असे मनात आले. मी पुन्हा चाबी फिरवायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून चाबी घेतली व पोलिसांना फोन लावला. त्यांची काही चूक नाही.

पोलिसांनी बोलावल्यावरून वैभवी ड्युटीवरच्या कपड्यांतच येथे आली. या माणसाला ओळखता का, असे साहेबांनी विचारले. तिने "माझे बाबा आहेत" असे सांगितले व तक्रार नसल्याचे लिहून दिले. तिच्यासमोर मी लाल-पिवळीची सगळी हकिकत साहेबांना सांगितली. मला मान वर करवत नव्हती.

त्यावर ती म्हणाली, "मले माहीत आहे बाबा. मागच्या वर्षीच इथल्या मिस्त्रीनं खोलून दाखवलं. पाच मिनिटात काढून देतो म्हणे. मीच राहू द्या म्हटलं."

साहेबांनी काहून असे विचारले.

ती म्हणाली, "काढलं असतं, तर यायले कोणत्या निमित्तानं बोलावू?"

मग फोन का केला नाही, असे मी विचारले. दर वेळी फोन हातात घेत होते, पण तुम्ही पुन्हा खालूनच परत जाल याची भीती वाटत होती, असे तिने सांगितले. मंगळवारपासून तिलाही झोप नाही, असेही म्हणाली.

गाडीचा सेट बाहेर लोंबतो आहे व लाल वायरीचे टोक मोकळे आहे. ते काम आजच पुरे करायचे आहे, तरी माझी टेस्ट लॅम्पची पिशवी व चाबी मिळावी अशी विनंती आहे. चाबी फिरवायला वैभवी येणार आहे. यापुढे ती गाडी बंद पडणार नाही.

काम झाल्यावर मी वर जाणार आहे. हे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणाले. मी म्हणालो, लिहून घ्या.

एवढेच मला सांगायचे होते. लिहिलेले सगळे मला मोठ्याने वाचून ऐकवले, तेव्हा माझी मुलगी शेजारी उभी होती. ते मी सांगितले तसेच असून खरे आहे, म्हणून खाली सही करतो.

रुपराव महादेव लांजेवार