चारशेचे चाळीस

बाबा : चाळीस? अख्ख्या जगात, वीस वर्षांत?

मुलगी : मोठी विमानं तेवढीच खपतील, बाबा. लहानांना हजारोंनी मागणी आहे.

बाबा : मधे एक बोळ, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या! त्याला विमान म्हणतात होय? बस आहे ती, पंख लावलेली.

मुलगी : लोकांना तीच हवीय. आपल्या गावातून बसायचं, थेट उतरायचं. अर्धं रिकामं मोठं विमान कोण उडवेल?

बाबा : चार वर्षांपूर्वी कंपनीला दिलेल्या तुझ्याच अहवालात चारशे होती. हातातलं पत्र्याला रिवेट ठोकायचं काम टाकून आमच्या मोठ्या विमानांच्या शेडभर सांगत सुटलो होतो मी, माझ्या लेकीचा अंदाज आहे म्हणून.

मुलगी : हो.

बाबा : त्यावर दुसरी शेड उभी राहिली. तीनशे माणसं घेतली. आपला बाळ्या लहान विमानांच्या शेडमध्ये सुखात होता. नको नको म्हणत असताना मीच ओढून आणला त्याला मोठ्यांकडे. एवढा कसा गं बाजार पडला?

मुलगी : बाजार नाही पडला. तेव्हाही साठच निघत होती.

बाबा : मग चारशे कुठून आली?

मुलगी : मी वाढवली. विमानतळ तुंबतील, मग सगळे मोठीच विमानं घेतील, असं धरून चालले. साहेबांना तेच ऐकायचं होतं. कुणी उलटून विचारलंच नाही.

बाबा : पण का?

मुलगी : तुमच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. शेड बंद झाली तर मी मेलो, असं म्हणायचात तुम्ही.

बाबा : अगं वेडे, बोलायची पद्धत असते ती! महिनाभर चिडचिड केली असती आणि बसलो असतो घरी. मी एकटा! आता बाळ्यासकट तीनशे घरं बुडवलीस की गं.

मुलगी : उद्या शेड बंदची नोटीस लागेल. बाळ्याला आधी आपण सांगावं म्हणून आले.

बाबा : लहान विमानांकडे परत घेतील त्याला?

मुलगी : विचारून आले. जागाच नाही.

(दार वाजतं. बाळ्या आत येतो.)

बाळ्या : ताई, तू कधी आलीस? शेडमध्ये नुसती कुजबुज चाललीय, बंद होणार म्हणून. मी म्हटलं, अहवाल माझी ताई लिहिते, घाबरू नका.

बाबा : हातपाय धू, बाळा. आधी जेवून घे.