‘नवीन काही केले नाही’

अर्थसंशोधन संस्थेच्या अहवालावर हरकती घेण्याची खिडकी अजून उघडायची होती. रांगेत माझ्या पुढे एक कारागीर होता, पक्कड खिशातच राहिलेला, आणि सोबत त्याची वहिनी.

“भाऊजी, वाचा पुन्हा.”

“‘या भागात नवनिर्मिती शून्य. सबब यंत्रशाळा राजधानीत उभारावी.’”

“शून्य म्हणे! पंख्याखाली बसून मोजलं असेल.”

“हळू बोला, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! माझी पोर दोन वर्षं या यंत्रशाळेत शिकायची वाट बघतेय. राजधानीत ठेवायला तिचा बाप काय मंत्री आहे?”

“दादा करेल काहीतरी.”

“तुमचे दादा! आणि संस्थेचा पाहणीवाला आला, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

“त्याने विचारलं, तीन वर्षांत नवीन काही केलंत का. म्हटलं, नाही हो, आम्ही दुरुस्तीवाले.”

“गल्लीतले बाकीचे?”

“तेच म्हणाले. चाळीसच्या चाळीस.”

“धन्य आहे! ओल्या धान्याने गिरणीची चाळणी तुंबायची. तिच्याखाली रबरी चेंडू सोडले, ते उडून उडून चाळणी साफ करतात. ही युक्ती कोणाची? सहा गिरण्यांनी उचलली ना?”

“ती दुरुस्तीच की.”

“कपाळ माझं! आज शेवटचा दिवस आहे. हा अर्ज घ्या. ‘नवीन काय केले’, इथे लिहा.”

“काय लिहू?”

“चेंडू लिहा, चेंडू!”

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

“वहिनी, सरकारी कागदावर खोटं कसं लिहू? चेंडू जुनेच होते. तुमच्याच पोरीचे.”

“आणा ते पेन इकडे!”