उंद्रीचा लांबलेला चंद्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय माणिकरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती वामनराव सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या सौभाग्यवती मनकर्णाकाकू, सहकारी शिक्षक, उंद्री आणि आजूबाजूच्या गावांतून आलेले पालक, आणि पेढ्यांच्या खोक्यांवर लक्ष ठेवून असलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

"समुद्र काई पयून नाही चालला."

हे वाक्य सरांनी लग्नाच्या वर्षी काकूंना सांगितलं होतं. जहाजांचं एवढं वाचता, तर एकदा समुद्र दाखवून आणता का, इतकंच काकूंनी विचारलं होतं. त्याला तीसेक वर्षं झाली. सरांचं वाक्य अजून खोटं ठरलेलं नाही. समुद्र कुठेही गेलेला नाही.

मी मराठी शिकवते. सरांच्या भूगोलावर आणि गणितावर बोलायचा मला अधिकार नाही. पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. त्यामुळे जुन्या खलाशांची मापं मलाही पाठ झाली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. लीग म्हणजे तीन सागरी मैल. सर म्हणायचे, किलोमीटर हे सडकेचं माप आहे, आकाशात सडक कुठे आहे? तिथे खलाशाचंच माप पाहिजे. म्हणून आपल्या व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलं: सूर्य इतके लीग, चंद्र इतके सागरी मैल. आपली मुलं परीक्षेतही सूर्याचं अंतर लीगमध्ये लिहून आली आणि तपासणाऱ्यांनी भोपळा दिला. सर म्हणाले, तपासणारा कधी बोटीत बसला नसन. सर स्वतः कधी बसले होते का? हा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारायची पद्धत नव्हती.

मग आपला माजी विद्यार्थी जीवन मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. दिवाळीत गावी आला, शाळेत आला, भिंतीसमोर उभा राहिला आणि डोकं खाजवू लागला. शेवटी हळूच म्हणाला, "सर, समुद्राचा मैल मोठा असते. आपण जमिनीचा धरला वाटते."

हिशेब पुन्हा मांडला गेला. सर इतकी वर्षं दीड-पावणेदोन किलोमीटरच्या मधला तो साधा मैल धरून भागाकार करत होते. सागरी मैल त्याहून लांब, म्हणून भिंतीवरचा आकडा फुगलेला. म्हणजे साऱ्या जगाचा चंद्र होता तिथेच होता आणि एकट्या उंद्रीचा चंद्र अठ्ठावन्न हजार किलोमीटर पुढे सरकलेला होता. कितीतरी पिढ्या तोच चंद्र घेऊन शाळेबाहेर पडल्या, संसाराला लागल्या. कुणाचं काही अडलं का? माणिकरावजी, आपणही त्यातलेच.

सरांनी त्याच संध्याकाळी रंगाचा डबा आणला आणि आकडा दुरुस्त केला. मला वाटलं, त्यांना लागलं असेल. तर म्हणाले, चंद्र जवय आला, त्यात नुकसान काय झालं?

काकू सरांचा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चंद्र जवय आला, मंग समुद्र काऊन नाही येऊन राह्यला?"

सगळा स्टाफ एकाएकी वह्या तपासू लागला.

उंद्रीहून मुंबईचा समुद्र साडेचारशे किलोमीटर. उजेड हे अंतर पापणी लवायच्या आत कापतो, हे सरच नववीला शिकवतात. सहल दरवर्षी कोकणात ठरते आणि दरवर्षी लोणारला जाते. खारं पाणीही झालं आणि आकाशातून पडलेल्या दगडाचा खड्डाही झाला, असा सरांचा युक्तिवाद.

पण यंदा काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सर म्हणाले, आधी डोये पाहू, मंग समुद्र.

परवा मी काकूंना विचारलं, एवढं काय पाहायचं आहे तिथे? त्यांनी पदराचं टोक दुमडलं. मग म्हणाल्या, "मले समुद्र नाही पाहाचा बाई. हे समुद्र पाहतीन, तवा यांचं तोंड पाहाचं हाय."

म्हणून सर, आज तुमच्या शालीच्या घडीत आम्ही दोन तिकिटं ठेवली आहेत. शुक्रवारची गाडी, मलकापूरहून.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. घरातली गोष्ट मांडवात आणली, हा माझा आगाऊपणा पोटात घाला. आकड्यांत काही चुकलं असेल तर ते सरांकडूनच शिकले आहे.

आता एकच विनंती. सर, शुक्रवारी चला. तुम्ही मान हलवता आहात, ते मला इथून दिसतं आहे. पहिल्या रांगेतून काकूंना ते आता दिसत नाही. तेव्हा नाही म्हणायचंच असेल, तर कृपा करून जरा मोठ्याने म्हणा.