काहीतरी दिसू दे

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगी आणि तिचे बाबा बसले होते.

"बाबा, या वेळी तरी मेंदूत काहीतरी दिसू दे."

"शुभ बोल नाऱ्या! काही नसलेलंच बरं."

"मागच्या फोटोत काही नव्हतं, तर शाळाभर मी नौटंकी झाले. झटके काय मी बोलावते?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, झटके खरेच आहेत म्हणून. मेंदू धडधाकट आहे, त्यातले निरोप तेवढे वाट चुकतात. आज ती वाट शोधायचीय."

"त्या म्हणाल्या. तुम्ही कुठे म्हणालात?"

बाबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"आत केवढा आवाज असतो. आई असती तर माझा पाय धरून बसली असती."

दार उघडून तंत्रज्ञ बाई डोकावल्या. "चल बाळा. अंगावर धातूचं काही नाही ना?"

"तिच्या नाही. माझं घड्याळ, अंगठी आणि हा पट्टा कुठे ठेवू?"

"तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल, काका."

"मला नाही चालणार. तिचा पाय धरायचाय."

"अहो बाबा, पँट घसरेल!"

"एक हात पँटला, एक तुझ्या पायाला."

"आणि आत झटका आला तर?"

"येऊ दे. तो काय तू बोलावतेस?"