मिठाईच्या दुकानावरचं चर्च

बाळांनो, असं समजा की आपण शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसमध्ये बसलो आहोत. पुढच्या बाकावर एक आजी आणि त्यांची नात एस्तेर, रविवारच्या उपासनेला निघाल्या आहेत. ऐका.

"आजी, माझ्या वर्गातल्या मेगनला आपलं चर्च बघायचं होतं. मी सांगितलं, आज कॅन्सल झालंय."

"खोटं कशाला बोललीस गं?"

"तिच्या चर्चला केवढा टॉवर आहे! आपलं मिठाईच्या दुकानावर, मार्थामावशीच्या घरच्या हॉलमध्ये. सो एम्बॅरसिंग!"

"पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे कुठला टॉवर? तेही कुणाच्या तरी घरीच जमायचे. कधी एखाद्या बाईच्या घरी. मालक आणि गुलाम एकाच पंगतीला."

"गुलामसुद्धा?"

"हो तर. त्यांना काम संपवून यायला उशीर व्हायचा. एका शहरात श्रीमंतांनी आधीच जेवून घेतलं, तर प्रेषित पौलाने पत्र लिहून चांगलं खडसावलं त्यांना."

"म्हणून आपण उपासनेनंतर जेवायला टॅक्सीवाल्या अनुग्रहकाकांसाठी थांबतो? मला किती भूक लागते, माहितीये?"

"लागू दे. माझ्या पणजोबांना गावात कुणी पंगतीला बसू देत नसे. ते पहिल्यांदा मानाने बसले, ते अशाच एका घरातल्या पंगतीला."

एस्तेरने फोन लावला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "मेगन, मी खोटं बोलले. आमचं चर्च आज आहे. मिठाईच्या दुकानावर, दुसरा मजला. सावकाश ये, तू येईपर्यंत कुणी जेवणार नाही."