पब्लिक हेल्थच्या टाळ्या

...आता या टाळ्यांचं मी काय करू, लोनचं घालू? सांगा ना! बरनीत मावतील का त्या? तुमाला सांगते, उभ्या जन्मात मला कुनी टाळी दिली नाय, लग्नात बी नाय, आनि त्या दिशी एका दुपारात एवढ्या पडल्या की कानात दडे बसले... पन मी मागितलं काय होतं? नर्स! एक नर्स, बास! आमच्या वाडीच्या उपकेंद्राला दीड वर्स कुलूप हाय, माजी नातसून छाया, तिला आठवा लागलाय, पाय सुजून भोपळ्यावानी झालेत, नातू राजेश साजगावच्या कंपनीत पाळीवर, मग तिला तपासायची कुनी? मी? मला सुईत दोरा ओवता येत नाय आता!

तर हा जितेश. धा वर्सांमागं मुंबईच्या कुठल्याशा पब्लिक हेल्थच्या शाळेतून आला, धड मिशी बी फुटली नव्हती. मी म्हनलं, डॉक्टर का रं? तर म्हने, "नाही आजी, पब्लिक हेल्थ." म्हंजे काय, तर सुई टोचायची नाय, गोळी द्यायची नाय, नुसतं इचारायचं! चाळीस दिस माज्या ओटीवर बसून इचारलंन. चहा माजा, भाकर माजी, आठवन बी माजीच... मला लिवता येत नाय, पन अठ्ठावीस घरांत कुनाला किती पोरं झाली, किती जगली, कोनतं कुठल्या महिन्यात गेलं, समदं तोंडपाठ. माजी दोन धरून. ती बी सांगितली. त्यानं लिवलं, त्याचं बुक झालं, बुकाच्या जोरावर साहेब झाला, नि आता शाळेनं त्याला 'गुणवंत माजी विद्यार्थी' म्हनून बक्षीस दिलं. शिकला कुठं? माज्या ओटीवर!

बक्षिसाला मला बी नेलं, स्टेजवर बसवलं. मी ठरवून गेले होते, माईक हातात आला की एकच बोलायचं. उभी राहिले. म्हनलं, "आमच्या उपकेंद्रात नर्स नाय." टाळ्या! मला वाटलं, ऐकू गेलं नसंल. म्हनलं, "माज्या नातसुनंला आठवा लागलाय, बघायला कोन नाय!" आनि टाळ्या! पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत उभी राहिली, तर तिला बघून समदा हॉल उभा! मी म्हनलं, आवं बसा, बसा, टाळ्या नगं, नर्स द्या... तर हसले, आनि टाळ्या! जितेश कानाशी येऊन म्हनतो, "आजी, हॉल जिंकलात!" मी म्हनलं, हॉल ठेव तुला, रं. उपकेंद्र उघड!

मग त्यांच्या मॅडम, तोंडात खडीसाखर धरल्यावानी, "या आजींच्या गावासाठी कोण कोण स्वयंसेवक होणार?" बावीस हात वर! मी म्हनलं, बावीसात एक तरी नर्स निघंल का नाय?

आली की ऐतवारी, बावीसच्या बावीस, एकसारखे पिवळे टीशर्ट घालून. नर्स एक बी नाय. रंगाचे डबे! दिसभर उपकेंद्र रंगवलं. भिंतीवर पोटुशी बाई काढली, हातात सफरचंद... आमच्यात कोन पोटुशी सफरचंद खाती, हो? शेजारी काय लिवलंय इचारलं, तर पोरगी वाचून दावते, "दर महिन्याला तपासणी करा." कुठं करा? या भिंतीसमोर उभं राहून? मी म्हनलं, अगं बाय, आधी दार उघडायचं बगा. "आजी, आम्हाला फक्त रंगाची परवानगी आहे." मग दार रंगवलं, कडी रंगवली, आनि कडीला लटकलेलं कुलूप, त्ये बी रंगवलं! आकाशी! दोन हात! वर मला मधी उभी करून फोटो, आनि टाळ्या!

त्याच्या म्होरल्या तिसऱ्या गुरुवारी काय झालं माहितीये? नर्स आली! जितेशनं कुठं शब्द टाकला का माजं नशीब, कुनास ठाऊक, सुरभी सिस्टर स्कूटीवरून आली, पर्समधून चावी काढली... चावी जाईना! रंग सुकून भोक बंद! फुंकलं, पिन घातली, रॉकेल घातलं. मी म्हनलं, हो बाजूला, दगड घालते! तर म्हनते, "आजी, सरकारी कुलूप आहे, फोडलं तर माझ्यावर येईल." बरं, भाईर बसवून तपास, तर बीपीचं मशीन आत! छायाच्या पायावर नुसतं बोट दाबून बघितलंन, बोटाचा खड्डा तसाच राहिला. सिस्टरचं तोंडच उतरलं. "हिला दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यात न्या." नि गेली, नव्या कुलपाचा अर्ज करायला.

न्या! कशात घालून न्या? आमच्या चढावर रिक्षावाला येत नाय.

त्याच सांजंला जितेशचा फोन. "आजी, आनंदाची बातमी! आपल्या भिंतीला पुरस्कार! उद्या मुंबईत कार्यक्रम, सकाळी सातला एसी गाडी ओटीपर्यंत पाठवतो. याल ना?"

मी म्हनलं, येते. संगं नातसून आनते, मला एकटीला परवास झेपत नाय. पन रं जितेश, तुज्या त्या हॉलच्या शेजारी दवाखाना हाय ना? हाय म्हनला.

मग म्हनलं, वाजवा. आमी तपासून येस्तवर वाजवत बसा.