धुळीलाही जोडीदार

नाही हो, हललेला नाहीये फोटो. तुमच्या छपाईचाही दोष नाही, काळजी करू नका — असाच आहे तो, मुळातच असा. कोणी पाठवलं तुम्हाला खाली? ऑफिसातल्या बाईंनी? वाटलंच. वर कुणाला काही कळेनासं झालं की माणसाला तळघरात पाठवतात, माझ्याकडे. बसा. त्या टेबलाला तेवढं टेकू नका — आज यंत्र बंद आहे, पण मला सवय झालीये, चालू असताना इथे कोणी शिंकलं तरी मी त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघतो. फ्रेम ठेवा तिथे. बापरे, केवढी केलीत! माझ्याहून उंच. गंमत माहितीये का, ह्यात जे दिसतंय ना, ते सगळं मिळून माझ्या एका केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे — आणि केस किती उरलेत ते तुम्ही बघताच आहात.

हे गोटे-गोटे दिसतायत ना, तो एकेक रेणू. खाली सोन्याचा पत्रा, त्यावर बसवलेत. आणि नीट बघा — सगळे जोडीजोडीनं. एक मोठा, त्याच्या उजवीकडे जरा खाली एक धाकटा. हाच तर शोध! मोठ्या साहेबांचा, म्हणजे आमच्या प्रोफेसरांचा, आता निवृत्त झालेत. सगळे म्हणायचे हे रेणू एकेकटे राहतात, साहेबांनी दाखवलं — छे, जोडीनं राहतात. त्यावर अख्खी कारकीर्द उभी राहिली त्यांची. उद्या स्वतः येणार आहेत, ह्या फोटोवरचा पडदा ओढायला. आणि खालची ती पितळी पट्टी — तीही तुम्हीच केलीत ना? वाचलीत? दुसरं नाव वाचलंत? ते मी. एकोणीस वर्षांनी! बायकोनं माझ्या कोटाला दोनदा इस्त्री केली, दुसऱ्यांदा का, तर मी तो घालून आरशापुढे तासभर बसलो म्हणून. ताईला बोलावलंय. शेजारीपाजारी मी कुणाला सांगितलेलं नाही — म्हणजे तीनच घरांत सांगितलंय.

मी? छे छे, मी कसला शास्त्रज्ञ! मी सुया कापतो. हसू नका, खरंच. इथे कॅमेरा-बिमेरा काही नसतो. एक सुई असते, ती पत्र्याच्या इतक्या जवळ न्यायची की आता टेकते की मग टेकते — पण टेकवायची नाही. मग ती ओळीमागून ओळ फिरते, कुठे उंच, कुठे खोल ते चाचपते, न टेकता बरं का, आणि कंप्युटर त्याचं चित्र काढतो. आणि ही सुई कशी करतात? एवढं मोठं यंत्र, चार माणसांनी उचलून आणलेलं, आणि सुई? तार घ्यायची, कात्रीनं तिरकी कापायची, कापता कापता ओढायची. झालं. टोकाला एकच अणू उरला तर सुई चांगली. उरला की नाही ते कसं कळतं? नाही कळत! लावून बघायचं. मोठ्या मोठ्या पदव्यांची माणसं कापतात आणि त्यांचं टोक झाडूसारखं फिस्कटतं. माझं बरं येतं. साहेब म्हणायचे, हातगुण आहे ह्याच्या हाताला. हातगुण! तेव्हा मी चार दिवस जमिनीवर नव्हतो. घरी भाजी चिरतानासुद्धा तिरकी चिरत होतो, बायकोनं सुरी काढून घेतली.

काय? कुठे? ... हां, तो. तो धुळीचा कण आहे — म्हणजे कसलातरी बारीकसा कचरा, आम्ही धूळच म्हणतो त्याला. हो, तोही जोडीनंच आहे. एक मोठा, उजवीकडे जरा खाली एक धाकटा. आणि ही रेघ — हो, तीही दोनदा. माहितीये. माहितीये हो मला! काय माणूस आहात तुम्ही — एकोणीस वर्षांत हा फोटो पुस्तकांत छापला, सभांमध्ये पडद्यावर दाखवला, कुठून कुठून विद्वान आले, माना डोलावून गेले, आणि तुम्ही गळ्यात मोजायची टेप अडकवून येता आणि पहिल्या मिनिटाला विचारता, हललाय का! लोकांनी रेणू बघितले. धुळीकडे कोण बघतं?

दार लोटा जरा. त्याचं असंय — सुईला एकाऐवजी दोन टोकं निघाली ना, की प्रत्येक गोष्ट दोनदा चाचपली जाते. रेणूही दोनदा, धूळही दोनदा. जोड्या-बिड्या काही नाहीत त्यात. पण हा फोटो निघाला त्या दिवशी मला कळलं नाही, अगदी शपथेवर सांगतो. साहेब खुर्चीवरून उठले, एवढा गंभीर माणूस, आणि त्यांनी माझे हे दोन्ही हात धरले, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं नवी सुई कापली, लावली — आणि सगळे एकेकटे. एकही जोडी नाही. सांगितलं का साहेबांना? नाही. मनाला म्हटलं, नमुना खराब झाला असेल. मग ते चित्र ठेवलं का जपून? ... नाही. पुसलं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला कशाला सांगतोय कुणास ठाऊक. तुम्ही बिचारे दोन खिळे ठोकायला आलात.

आणि पुसलं तरी काय, सुटलो थोडाच! चार वर्षांनी माझी भाची इथेच आली संशोधनाला. ताईची मुलगी. मीच आणली, मीच साहेबांच्या पायाशी — म्हणजे हाताखाली दिली. पोरगी हुशार, माझ्यावर गेलेली नाही. दोन वर्षं राबली, मी कापलेल्या सुया लावून, आणि दोन वर्षं तिला एकेकटेच दिसले. दिसणारच! एक दिवस साहेबांच्या खोलीत सगळ्यांसमोर ती म्हणाली, सर, तुमच्या फोटोत धूळसुद्धा जोडीनं आहे, ती सुई दोन टोकांची असेल. साहेब चिडले नाहीत. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, काय हो, सुई बरी होती ना? आणि मी — मी हसलो. म्हटलं, साहेब, माझ्या हातची सुई आणि दोन टोकं? सगळे हसले. मामा हसतोय म्हटल्यावर लोक हसणारच. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. महिन्याभरात सोडून गेली. आता एका दवाखान्यात रक्त तपासते, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, सकाळी आठपासून. तेरा वर्षं माझ्या घरी आलेली नाही. ताई विचारते, तुमचं काय बिनसलं रे? मी म्हणतो, आजकालची मुलं, दुसरं काय.

साहेबांना वाचवायला? नाही हो, एवढा कुठला थोर मी! साहेबांनी मान्य केलं असतं कदाचित. मलाच म्हणवलं नाही की माझी सुई वाईट होती. बस्, एवढंच. हातगुण ना!

एक काम कराल? वर जाता आहातच, तर संचालकांना विचारा ना सहज — जसं मला विचारलंत अगदी तसं, फोटो हललाय का म्हणून. तुमच्या तोंडून बरं वाटतं ते. मग ते मला बोलावतील, मग मी... नको? तुमचा काय संबंध, बरोबर आहे. बघा, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालो आणि फ्रेमवाल्याच्या आड लपतोय. काय म्हणालात? मीच जाऊ? जाईन हो, जाईन. पण आधी वर नाही. थांबा, चष्मा कुठे गेला — ताईनं पोरीचा नंबर दिला होता, तेरा वर्षं वहीत नुसता पडलाय. रिंग जातेय. कामात असेल ती. उचलणार नाही ती, आणि उचलला तरी ओळखणार कुठून, आणि ओळखला तर मी काय — हॅलो? ... मामा बोलतोय. ठेवू नकोस, बाळा. नाही, उद्याचं बोलवायला नाही केला. ऐक फक्त. तुझं बरोबर होतं. सुईला दोन टोकं होती. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं गं... तू इथे यायच्या आधी चार वर्षं. ... आहेस ना? ... बोल काहीही, पण ठेवू नकोस. — तुम्ही काय बघत बसलात? करा त्या फ्रेमचं तोंड भिंतीकडे आणि निघा!